हट्टी शिंगरूं आणि मराठ्यांची पागा

मराठ्यांच्या इतिहासाचें कोणतेंही पुस्तक उघडा, पानोपानीं घोड्यांच्या टापा ऐकूं येतात. अमुक सरदार पांच हजार स्वारांनिशीं निघाला, तमुक सरदारानें एका रात्रींत कित्येक कोसांची दौड मारली, शत्रूची रसद तोडली आणि सूर्य उगवण्यापूर्वीं तो दिसेनासाही झाला. अशीं वर्णनें वाचतांना स्वाराचें कौतुक करावयास आपण चुकत नाहीं. परंतु त्याच्या मांडीखालचें जनावर कांहीं जन्मतःच रणघोडा नव्हतें, ही गोष्ट आपल्या ध्यानांत क्वचितच येते. एके काळीं तेंही एक लांब पायांचें, बुजरें, माणसाची सावली पडतांच आईच्या आड दडणारें शिंगरूं होतें. त्याला कोणीतरी जवळ बोलाविलें, कोणीतरी त्याच्या अंगावरून हात फिरविला, तोंडांत लोखंड घ्यावयास आणि पाठीवर माणसाचें ओझें साहावयास कोणीतरी त्याला राजी केलें. हें काम कसें होत असे, आणि तें करणाऱ्या माणसांची आपण काय किंमत केली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हीं घोडीं येत कोठून, तें पाहूं. दख्खनच्या घोडदळांत दोन प्रकारचीं जनावरें असत. पहिलें आपल्या मातींतलें. भीमा नदीच्या थडीला निपजणारें तें भीमथडी तट्टू. उंचीनें लहान, दिसावयास साधें, परंतु काटक, थोडक्या चाऱ्यावर निभावणारें आणि डोंगरवाटेवर पाय न चुकणारें. दुसरीं जनावरें समुद्रापलीकडून येत. अरबस्तान आणि इराण येथील घोड्यांचा व्यापार पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतकें चाललेला होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेला व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो लिहितो कीं, दक्षिणेंतील राजे दरवर्षीं हजारों घोडे विकत घेतात, परंतु त्यांची निगा राखण्याचें ज्ञान येथें नसल्यामुळें त्यांतील पुष्कळसे वर्षभरांतच मरून जातात. पुढें १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें, तेव्हां या किफायतशीर व्यापारावर त्यांनीं आपला ताबा बसविला. सांगावयाची गोष्ट ही कीं, घोडा विकत घेणें सोपें होतें, तो जगविणें कठीण होतें, आणि तो आपलासा करणें सर्वांत कठीण होतें.

शिवछत्रपतींच्या व्यवस्थेंत या कठीण कामाची जाणीव स्पष्ट दिसते. सभासदाच्या बखरींत पागेची रचना दिलेली आहे. ज्याला सरकारी घोडा मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी ती चढती श्रेणी. तिच्याच जोडीला, दर पंचवीस घोड्यांमागें एक पखाली आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल या दोन गोष्टी हवालदाराच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या. घोड्याचा विश्वास तोफांच्या आवाजापाशीं सुरू होत नाहीं, तो पाण्याच्या पखालीपाशीं सुरू होतो, हें त्या राज्यकर्त्यास ठाऊक होतें.

याचा आणखी एक पुरावा महाराजांच्या एका पत्रांत सांपडतो. राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या, सुमाराचें हें पत्र चिपळूणजवळ हलवर्ण येथें मुक्काम करून असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलें आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा आणि वैरण आतांच मनास येईल तशी उधळलीत, तर ऐन पावसांत घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल, अशी त्यांत कडक समज आहे. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल आणि रयत तुम्हांला शत्रूहून वाईट समजेल, असाही इशारा आहे. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीचीही आठवण त्यांत करून दिलेली आहे. राज्य उभारणारा पुरुष उंदराचा आणि वातीचा विचार करितो, कारण त्या गवतावर पागा उभी आहे, आणि पागेवर राज्य.

आतां आपण त्या शिंगराकडे वळूं. घोडा हट्टी आहे, अडेल आहे, असें आपण सहज म्हणतों. परंतु हट्ट म्हणजे काय, हें समजण्यापूर्वीं घोड्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. घोडा हें शिकार करणारें जनावर नव्हे, तें शिकार होणारें जनावर आहे. त्याला शिंगें नाहींत, वाघासारखीं नखें नाहींत. धोका दिसतांच पळणें हेंच त्याचें मुख्य शस्त्र. म्हणून निसर्गानें त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस बसविले आहेत. उभ्या जागेवरून त्याला बहुतेक सभोंवारचें दिसतें, परंतु कपाळाच्या अगदीं समोरची आणि शेपटीच्या थेट मागची अशा दोन जागा मात्र त्याला दिसत नाहींत. आणि अडाणी मनुष्य नेमका कोठून जवळ जातो? एकतर तोंडासमोर एकदम हात नेतो, नाहींतर मागून येतो. घोड्यानें झटका दिला किंवा लाथ झाडली कीं आपण म्हणतों, काय द्वाड जनावर आहे! वस्तुतः त्या बिचाऱ्यानें आपणांस पाहिलेलेंच नसतें.

घोडा अडतो त्याचीं कारणें साधारणपणें तीन. एक भय, दुसरें दुखणें, आणि तिसरें काय करावयाचें तें न कळणें. भयाचें वर सांगितलें. दुखण्याचें एक उदाहरण देतों. घोड्याचे दुधाचे दांत अडीच वर्षांपासून साडेचार वर्षांपर्यंत क्रमाक्रमानें पडून नवे येतात, आणि आपण त्याच्या तोंडांत लगाम घालतों तो याच वयांत. हिरड्या ठणकत असल्या म्हणजे तें मान झाडतें, लोखंड चावतें, मागें सरतें. त्याची हाडेंही या वयांत पुरतीं पक्कीं झालेलीं नसतात. पाठीचे मणके तर पांच वर्षांनंतरच पूर्ण घट्ट होतात. अशा पाठीवर लवकर ओझें टाकलें आणि तें बसलें, तर दोष कोणाचा? तिसऱ्या कारणाविषयीं, मी आयुष्यभर शाळामास्तर असल्यामुळें, थोडें अधिकारानें बोलूं शकतों. फळ्यापाशीं उभा करून प्रश्न विचारला असतां जो मुलगा मान खालीं घालून गप्प राहतो, त्याला आपण हट्टी म्हणतों. शंभरांतील नव्वद वेळां त्याला प्रश्नच समजलेला नसतो, आणि न समजल्याचें सांगावयाची भीति वाटत असते.

या बाबतींत आपल्या लोककथेनें फार मार्मिक गोष्ट सांगून ठेविली आहे. मोगलांचीं घोडीं पाणवठ्यावर नेलीं आणि तीं पाण्यास तोंड लावीनात, तर स्वार त्यांना विचारीत कीं, तुम्हांस पाण्यांत संताजी आणि धनाजी दिसतात काय? आपण ही कथा संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या पराक्रमाची म्हणून सांगतों, आणि तें योग्यच आहे. संताजींच्या घराण्याची कापशी तर आमच्या कोल्हापूर जिल्ह्यांतलीच. परंतु ती कथा घोड्याच्या बाजूनेंही ऐकून पाहा. अनोळखी पाण्याची खोली घोड्यास कळत नाहीं, चकाकणाऱ्या पृष्ठभागावर हालणारें प्रतिबिंब त्याला बुजवितें, हें कोणीही जाणता स्वार सांगेल. ज्यानें ही कथा प्रथम रचली, त्याला इतकें खचित ठाऊक होतें कीं, पाणी न पिणारें घोडें हट्ट करीत नसतें, त्याला पाण्यांत कांहींतरी दिसत असतें.

हाच विचार जगांत इतरत्रही झालेला आहे. ग्रीस देशांत इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत झेनोफन नांवाच्या सेनानीनें अश्वविद्येवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यांत तो म्हणतो कीं, मोतद्दारानें अशी योजना करावी कीं, भूक, तहान आणि माशांचा त्रास हीं शिंगराला एकटेपणाशीं जोडलेलीं वाटावींत, आणि खाणें, पिणें व सुटका हीं माणसाच्या हातून मिळतात असें त्याच्या मनावर ठसावें. घोड्याजवळ रागाच्या भरांत कधींही जाऊं नये, असेंही तो बजावतो. आणि बुजलेल्या घोड्यास मारूं नये, कारण मार बसला कीं त्याला वाटतें, ज्या वस्तूस मी भ्यालों तिनेंच मला दुखविलें, आणि पुढच्या खेपेस तें दुप्पट बुजतें. सिकंदराच्या बुकेफालस घोड्याची गोष्ट आपल्या मुलांनाही ठाऊक असते. मोठमोठ्या स्वारांना न जुमानणारा तो घोडा स्वतःच्याच सावलीला भीत होता. कुमार सिकंदरानें तें ओळखलें, त्याचें तोंड सूर्याकडे फिरविलें, आणि मग तो स्वार झाला. बळापेक्षां नजर अधिक उपयोगी पडली.

आपल्या देशांतही ही विद्या जुनी आहे. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचें नांव घेतात. महाभारतांत पांडव अज्ञातवासांत असतांना नकुल हा ग्रंथिक या नांवानें विराट राजाच्या पागेंत चाकरीस राहिला. द्वाड घोड्यांना वळण लावणें ही आपली खास विद्या असल्याचें तो राजास सांगतो. राजपुत्रानें पागेंतील चाकरी पत्करली यांत त्याचा मान गेला असें महाभारतकारांस वाटलें नाहीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत तबेल्याची बांधणी, घोड्यांचा आहार, त्यांच्या चाली इतकेंच नव्हे, तर निगा राखण्यांत कसूर करणाऱ्यांना दंडही सांगितलेला आहे. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें मानसोल्लास नांवाचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यांतही घोड्यांची परीक्षा आणि शिक्षण यांचा विचार असून, घोड्यावर बसून चेंडू खेळण्याच्या वाह्याली नांवाच्या राजक्रीडेचें वर्णन आहे. त्या काळीं कोल्हापुरावर शिलाहारांचें राज्य होतें आणि ते चालुक्यांचे मांडलिक होते. तेव्हां हें ज्ञान आमच्या प्रांतास परकें होतें, असें म्हणतां येणार नाहीं.

आतां प्रत्यक्ष रीत पाहूं. जुन्या पागांतील क्रम साधारणपणें असा सांगतां येईल. प्रथम शिंगरास मोतद्दाराची ओळख. तो रोज ठराविक वेळीं येतो, हातांत वैरणीची पेंढी असते, तोंडानें एकच हाक असते. पहिले कित्येक दिवस तो शिंगराला हातही लावीत नाहीं, नुसता त्याच्या खांद्याच्या बाजूस, तें पाहूं शकेल अशा जागीं, उभा राहतो. शिंगराचें कुतूहल हें त्याच्या भयापेक्षां हळूहळू मोठें होतें, आणि एके दिवशीं तें आपण होऊन नाक पुढें करितें. विश्वासाचा पहिला धडा शिंगरूं देतें, माणूस घेतो.

त्यानंतर हात. प्रथम मानेवर आणि आयाळीच्या मुळाशीं, कारण घोडीं एकमेकांना प्रेमानें तेथेंच खाजवितात. मग पाठ, मग पोट, आणि सर्वांत शेवटीं पाय. खरारा करणें हें नुसतें अंग साफ करणें नव्हे. त्या निमित्तानें शिंगराचें सर्वांग माणसाच्या हाताला परिचित होतें. पाय उचलून खुरावर हलकेंच ठोकून ठेविलें, म्हणजे पुढें नालबंद आला तरी तें घाबरत नाहीं. नंतर म्होरकी चढवावयाची आणि दोरीवर चालावयास शिकवावयाचें. येथेंच हट्टाची खरी कसोटी लागते. दोरी ओढली कीं शिंगरूं मागें रेटतें. आपण जितकें ओढूं तितकें तें अधिक रेटील, कारण ओढाताणींत तें आपणांहून पुष्कळ बलवान आहे. जाणता मनुष्य दोरी हलकी ताणून नुसता थांबतो, आणि शिंगरानें एक पाऊल, अगदीं अर्धें पाऊल जरी पुढें टाकलें, तरी त्या क्षणीं दोरी सैल सोडतो. ती सैल दोरी हेंच त्याचें बक्षीस. आज जनावरांच्या शिक्षणाचा शास्त्रीय अभ्यास करणारे लोकही हेंच सांगतात कीं, घोडा दाबामुळें शिकत नाहीं, दाब योग्य क्षणीं सुटल्यामुळें शिकतो. क्षण चुकला तर धडा चुकला.

पुढें लांब दोरीवर गोल फिरविणें येतें. याला आपल्या भाषेंत कावा देणें म्हणतात. कावा या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक घोड्यास वर्तुळांत फिरविणें आणि दुसरा डावपेंच. गनिमी काव्याचें नांव आपण नेहमीं घेतों, पण त्या काव्याचा स्वार ज्या घोड्यावर बसून क्षणांत वळत असे, तो घोडा आधीं या दुसऱ्या काव्यांत महिनोन्‌महिने तयार झालेला असे. मग पाठीवर रिकामी झूल, नंतर खोगीर, नंतर खोगिराचा कसलेला तंग, आणि मग पाठीवर आडवें टाकलेलें हलकें ओझें. प्रत्येक पायरीवर शिंगराचे कान, श्वास आणि डोळे पाहूनच पुढें जावयाचें. स्वार चढतो तो सर्वांच्या शेवटीं, आणि तोही बहुधा एखाद्या शांत, वयस्क घोड्याच्या सोबतीनें. मग बाजार, वाजंत्री, निशाणें, पाणी, पूल आणि बंदुकीचा बार, असें एकेक करून जगाशीं परिचय करून द्यावयाचा.

ही रीत सर्वत्र आणि सर्व काळीं पाळली जात होती, असें मात्र कोणी समजूं नये. घोडा शिकविणाऱ्यास आपल्याकडे चाबुकस्वार म्हणतात, आणि त्या नांवांतच चाबूक आहे. कांटेरी लगाम आपल्या देशांत वापरले जात. पुढून अगाडी आणि मागून पिछाडी बांधून जनावर तासन्‌तास जखडून ठेवीत. मोहिमेची घाई असली म्हणजे चार महिन्यांचें काम आठ दिवसांत उरकण्याचा मोह होत असे, आणि चाबकानें तें उरकल्यासारखें दिसतही असे. परंतु माराच्या भयानें चालणारा घोडा तोंवरच चालतो, जोंवर त्या माराहून मोठें भय समोर येत नाहीं. रणांगणावर तें येतेंच. मग तो स्वाराचें ऐकत नाहीं, भयाचें ऐकतो. उलट ज्याचा माणसावर भरंवसा बसला आहे तो भीत नाहीं असें नव्हे, भितो, परंतु भ्याल्यावर माणसाकडे पाहतो. या दोन घोड्यांतला फरक शांततेच्या काळीं दिसत नाहीं, संकटाच्या वेळीं दिसतो.

कोल्हापूर प्रांताचा या विद्येशीं संबंध केवळ पुरुषांपुरता नाहीं. कागलच्या घाटगे घराण्यांत १७८४ मध्यें जन्मलेल्या बायजाबाई १७९८ मध्यें दौलतराव शिंद्यांच्या पत्नी झाल्या आणि पुढें ग्वाल्हेरच्या कारभारांत त्यांनीं मोठें नांव मिळविलें. १८३३ मध्यें त्यांना ग्वाल्हेर सोडावें लागलें. त्यानंतर १८३५ मध्यें फत्तेगड येथील त्यांच्या छावणींत फॅनी पार्क्स नांवाची इंग्रज बाई त्यांना भेटली. तिनें आपल्या १८५० मध्यें छापलेल्या प्रवासवर्णनांत मराठा स्त्रियांच्या घोड्यावर बसण्याचें वर्णन केलेलें आहे. इंग्रज स्त्रिया त्या काळीं दोन्ही पाय एकाच बाजूस टाकून बसत. मराठा स्त्रियांना तें पाहून हसूं आलें. त्या कासोटा घालून पुरुषांप्रमाणेंच मांड टाकीत. तसें बसल्याशिवाय घोड्याच्या पाठीची हालचाल स्वाराला कळत नाहीं, आणि स्वाराच्या मनांतलें घोड्याला कळत नाहीं. पार्क्सबाईला शेवटीं मराठा रीतच अधिक पसंत पडली.

त्याच कागलच्या घाटगे घराण्यांत २६ जून १८७४ रोजीं जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्यें दत्तक येऊन कोल्हापूरचे शाहू छत्रपति झाले. शिक्षण, वसतिगृहें, राखीव जागा या त्यांच्या कार्याविषयीं आपण पुष्कळ ऐकतों. त्यांचा जनावरांवरील लोभही कोल्हापुरांत प्रसिद्ध आहे. घोडे, हत्ती, शिकारी चित्ते यांत ते रमत, आणि सोनतळीच्या छावणींत त्यांचा पुष्कळ वेळ जाई. त्यांच्या आठवणींत खडखडा नांवाच्या गाडीचा उल्लेख वारंवार येतो. खडखडा म्हणजे नव्या घोड्यांना गाडीची संवय लावण्याची भक्कम गाडी. नांवाप्रमाणेंच ती चालतांना मोठा आवाज करी. शिकलेल्या घोड्याच्या जोडीला नवा घोडा जुंपावयाचा, आणि मागून येणाऱ्या त्या खडखडाटाची भीति त्याच्या मनांतून हळूहळू काढून टाकावयाची, हा तिचा हेतु. छत्रपति स्वतः अशा गाडीचे लगाम हातीं धरून बसत, हें त्यांच्या स्वभावाला धरूनच होतें.

हा छंद निर्धोक नव्हता. १९१८ च्या जून महिन्यांत महाराजांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीच्या वेळीं घोड्यावरून पडून मृत्यु पावले. आदल्याच वर्षीं त्यांचा विवाह झालेला होता. महाराजांनीं आपल्या बालविधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, लोकांचा विरोध न जुमानतां शिक्षण दिलें. घोड्याशीं मैत्री करणाऱ्यानें ही गोष्ट विसरूं नये. घोडा कितीही आपलासा झाला, तरी त्याचें बळ आणि वेग आपल्या हातीं कायमचे येत नाहींत. म्हणूनच येथें विश्वास ही चैनीची वस्तु नाहीं, तो जीवाचा आधार आहे.

आतां मी त्या माणसाकडे येतों, ज्याच्या हातांत म्होरकी होती. मोतद्दार कोण असे? पागेंतील चाकरांत निरनिराळ्या जातींचे लोक असत, आणि त्यांत त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोकही होते. शाहू महाराजांच्या पागेंत गंगाराम कांबळे नांवाचे गृहस्थ नोकरीस होते. महाराज परगांवीं गेलेले असतां त्यांनीं सवर्णांसाठीं राखलेल्या हौदाचें पाणी घेतलें, एवढ्याच कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराज परत आल्यावर गंगाराम सोनतळीस जाऊन त्यांना भेटले. महाराजांनीं मारणाऱ्यांना स्वतः शासन केलें, आणि गंगारामांस स्वतंत्र धंदा करावयास मदत दिली. गंगारामांनीं भाऊसिंगजी रस्त्यावर सत्यसुधारक नांवाचें चहाचें हॉटेल काढलें. प्रथम तेथें गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हां महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर उभी करवीत, तेथील चहा स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत.

ही हकीकत सामाजिक सुधारणेच्या इतिहासांत नेहमीं सांगितली जाते. परंतु ती पागेंत घडली, याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. छत्रपतींच्या पागेंतील उमदा, संशयी, सहजासहजीं कोणाला जवळ न येऊं देणारा घोडा मोतद्दाराच्या हातचें पाणी विश्वासानें पीत होता. त्याच मोतद्दाराला मात्र माणसांच्या हौदावर पाणी पिण्याची मनाई होती. जें जनावर आपण हट्टी म्हणून हिणवितों, त्यानें हाताची परीक्षा त्या हाताच्या वागणुकीवरून केली. आणि जो मनुष्य स्वतःला शहाणा म्हणवितो, त्यानें ती जन्मावरून केली. मग हट्टी कोण? शाहू महाराजांनीं त्या हॉटेलांत जें केलें, तें पागेंतल्या रीतीहून फारसें निराळें नव्हतें. बुजलेल्या समाजाला त्यांनीं नुसता हुकूम सोडला नाहीं. ते स्वतः पुढें झाले, रोज झाले, सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले, आणि या चहांत भिण्यासारखें कांहीं नाहीं, हें त्यांनीं आपल्या ओठांनीं दाखवून दिलें. शिकलेल्या घोड्याच्या जोडीला नवा घोडा जुंपावा, तसेंच तें होतें.

आज घोडदळें गेलीं. संस्थान १९४९ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. तथापि ही विद्या अगदींच लोपली असें नाहीं. तापीकांठच्या सारंगखेड्याच्या आणि नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या यात्रेंत घोड्यांचे मोठे बाजार अजूनही भरतात. आणि भीमथडी घोडीं पुणें, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत मेंढरें घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या तांड्यांत आजही दिसतात. घोडीच्या पाठीवर सारा संसार लादलेला असतो, त्यावर एखादें कोंकरूं किंवा कोंबडी बसलेली असते, आणि मागून शिंगरूं मोकळें चालत असतें. त्या शिंगराला वेगळी शाळा नाहीं. तें चुलीच्या धुरांत, पोरांच्या गलक्यांत, कुत्र्यांच्या भुंकण्यांत वाढतें. पुढें पाठीवर ओझें आलें, तर त्याला त्यांत नवें असें थोडेंच असतें. २०२४ च्या आरंभीं कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेनें भीमथडीची एक स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मराठ्यांच्या इतिहासानें ज्याच्या पाठीवर बसून मजल मारली, त्या जनावराचें नांव सरकारी वहींत लागावयास इतका काळ लागला. तें ज्यांनीं इतकीं शतकें राखलें, त्या मेंढपाळांचीं नांवें तर कोणत्याच वहींत नाहींत.

श्रोतेहो, दसऱ्याला घोड्यांना न्हाऊं घालून त्यांची पूजा करण्याची आपली चाल आहे. कोल्हापूरच्या कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे, आणि गांवोगांवीं शिवछत्रपतींचे अश्वारूढ पुतळे आहेत. ते पाहतांना स्वारास वंदन अवश्य करावें, घोड्याचीही ऐट पाहावी. पण ज्यानें त्या घोड्याला शिंगरूं असतांना पहिली पेंढी दिली, आणि तें एक पाऊल पुढें येईपर्यंत जो दोरी हातांत धरून मुकाट्यानें थांबला, त्या माणसाचें स्मरणही त्या वेळीं करावें. घरांत, शाळेंत किंवा कचेरींत एखादें हट्टी शिंगरूं आपल्याही वांट्यास येतें. चाबकाकडे हात जाण्यापूर्वीं त्याला काय दिसतें आहे, कोठें दुखतें आहे, आणि आपलें म्हणणें त्याला समजलें आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्याइतका धीर आपण त्या मोतद्दारापासून घेऊं शकतों.